समोरून येणाऱ्यासाठी

१

सर गजराच्या आधी उठत आणि गजर होईपर्यंत तो आपण लावलाय की नाही याची काळजी करत अंथरुणात पडून राहत. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. पण कळलं म्हणून वळतं असं थोडंच आहे?

आठवड्यातून तीनदा, उजाडायच्या आत, त्यांना बायकोला डायलिसिसला न्यावं लागे. केंद्र शहराबाहेर, कालव्याच्या पलीकडे. सोयीच्या पाळ्या केव्हाच भरल्या होत्या. उरली होती ती अगदी पहिली, जी कुणालाच नको असते. "मिळतेय ती घ्या," बायको म्हणाली होती. "मशीनपुढे कसला आलाय मानपान?"

बायकोची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. अनोळखी माणसाला अनोळखी माणसाशी जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. सर तिला लग्नानंतर थट्टेने 'ऑपरेटर' म्हणायला लागले, ते अजून तेच म्हणत.

जुनी गाडी सरांनी एका संध्याकाळी फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हा परगावी असलेल्या लेकीने हट्टाने नवी घेऊन दिली. किल्ली हातात ठेवताना ती म्हणाली, "बाबा, हिचे दिवे आपोआप चालतात. समोर कुणी नसेल तर अप्पर, लांब झोत. समोरून गाडी आली की स्वतःच डिपर. तुम्ही बटणाला हातसुद्धा लावायचा नाही."

"गाडी आली हे ती कशावरून ठरवते?"

"तुम्हाला विचारून ठरवत नाही, एवढं पुरे," बायको मागून म्हणाली.

सरांनी नाक मुरडलं खरं, पण थोड्याच दिवसांत त्यांना ती सोय मनापासून आवडायला लागली. आधी प्रत्येक गाडीला त्यांची तारांबळ उडे. डिपर लवकर दिला का? उशिरा दिला का? समोरच्याच्या डोळ्यांत झोत गेला असेल का? त्याने शिवी दिली असेल का? आता ते सगळं परस्पर होत होतं. एका काळजीला कायमची रजा मिळाली होती, आणि सरांच्या काळज्यांना रजा घ्यायची सवय नव्हती.

समोरच्यानेही डिपर दिला की बायको हात वर करून त्याला ओळख द्यायची.

"अगं, अंधारात त्याला तुझा हात दिसणार आहे का?"

"तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्याला तरी काय दिसायचं? तरी शिकवलंतच ना तुम्ही?"

२

शहर संपलं की पेट्रोलपंप, मग बंद पडलेली दगडाची खाण, आणि खाणीपासून कालव्यापर्यंत सरळसोट रस्ता. दोन्ही बाजूंना उघडं माळरान. ना खांबावर दिवा, ना घर. त्या वेळेला एखादी दुधाची गाडी सोडली तर चिटपाखरू नसायचं.

त्या पहाटे झोत लांबवर पडला होता. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ पार अंधाराच्या तोंडापर्यंत दिसत होती. खाण मागे पडली आणि दिवे खाली आले.

सरांनी समोर पाहिलं. कुणी नव्हतं. गाडीपुढे उजेडाचा आखूड तुकडा तेवढा उरला. इंजिनाची घरघर, हीटरचा सुस्कारा, बाकी काही नाही. दिवे थोडा वेळ तसेच खाली राहिले, मग जसे गेले तसे हळूच वर आले. कुणीतरी समोरून आलं, शेजारून गेलं आणि रस्ता मोकळा झाला, अगदी तसे.

'पाटी चमकली असेल,' सर स्वतःशी म्हणाले. परतताना लख्ख ऊन पडलेलं असे. त्यांनी मुद्दाम गाडी हळू घेऊन पाहिलं. पाटी नव्हती. काच, पत्रा, पाण्याचं डबकं, चमकेल असं काहीच नव्हतं. नुसतं माळरान, वाळलेल्या गवताचं.

दुपारी बायको झोपली होती. तिला पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून तिचा चहाही बाहुलीचा वाटेल अशा कपात. तो कप विसळता विसळता सरांचा हात थांबला. नळ वाहत राहिला.

दिवे खाली गेले होते तेव्हा बायकोने हात वर केला होता.

३

"कॅमेरा आहे बघा," गॅरेजचा फोरमन काचेमागे, आरशापाशी बोट दाखवून म्हणाला. "हा तिचा डोळा. माणूस, जनावर, झाड, कशाशी हिला देणंघेणं नाही. हिला फक्त दिवा कळतो. समोरच्या गाडीचा दिवा दिसला की खाली, गेला की वर. साधा हिशेब."

"आणि दिवा नसताना खाली गेली तर?"

"जात नाही."

"समजा गेली."

फोरमनने काच पुसली, गाडीला एक यंत्र जोडून पाहिलं, शेडमध्ये अंधार करून समोरून दिवा दाखवला, काढला, पुन्हा दाखवला. गाडीने दर वेळी अदबीने डोळे खाली घातले आणि वर केले. नंतर तो अंधारात नुसताच उभा राहिला. काहीच झालं नाही.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "सर, नसलेलं दिसायला माणूस लागतो. मशीनला तेवढी अक्कल कुठली?"

तो आपल्याच विनोदावर हसला. सरही हसले. गॅरेजच्या बाहेर येईपर्यंत त्यांना ते वाक्य पुरलं. मग त्यांनी ते सवयीप्रमाणे उलटं करून पाहिलं. मशीनला नसलेलं दिसत नाही. म्हणजे तिला जे दिसतं, ते असतं. आणि जे असतं, ते मला दिसत नाही.

४

ही गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. समोरून भरधाव गाडी येते आणि चालवणाऱ्याला ती दिसत नाही, असं असेल तर त्या चालवणाऱ्याने किल्ली खाली ठेवली पाहिजे. दुसऱ्या कुणाबद्दल विचारलं असतं तर सरांनी क्षणात हेच उत्तर दिलं असतं.

पण किल्ली खाली ठेवली तर बायकोला नेणार कोण? लेक परगावी. तिच्या गावच्या केंद्रात नंबर लागायला लोक वर्षानुवर्षं थांबलेले. टॅक्सीचा प्रयोग करून झाला होता. पहिला आला तो इतका उशिरा की पाळी अर्धीच मिळाली, आणि त्या दिवशी संध्याकाळी बायको खुर्चीत बसून, पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत होती. दुसरा आलाच नाही. सरांनी त्या दिवसापासून ठरवलं होतं की हातपाय चालतात तोवर हे काम आपलं. एक पाळी चुकणं म्हणजे काय, हे त्यांनी बायकोच्या ओठांच्या रंगावर पाहिलं होतं.

ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात उजेड पाडला.

"वयाच्या मानाने छान आहेत. तक्रार काय आहे?"

"काही गोष्टी दिसत नाहीत, अशी शंका आहे."

"कोणत्या?"

सर घुटमळले. न दिसणाऱ्या गोष्टीचं वर्णन कसं करायचं? "त्याच तर दिसत नाहीत," ते म्हणाले.

बाईंनी चष्म्याचा नंबर होता तोच ठेवला आणि रात्री पुरेशी झोप घ्यायला सांगितलं.

५

शेवटी त्यांनी बायकोलाच विचारलं. विचारायचं धाडस व्हायला त्यांना तीन-चार फेऱ्या लागल्या. प्रत्येक फेरीत खाण मागे पडली की दिवे खाली जात, आणि शेजारी तो हात वर जाई, किंचित हलून मांडीवर परत येई. आता तर दिवे वर येण्याच्या जरा आधी गाडीला झुलल्यासारखंही होई. मोठं वाहन जवळून गेलं की वाऱ्याचा धक्का बसतो, तसं.

"ऑपरेटर," सर म्हणाले, "आत्ता हात कुणाला केलास?"

"समोरच्यांना."

"कोण समोरचे?"

ती त्यांच्याकडे वळली. डॅशबोर्डच्या उजेडात तिचा चेहरा सुजलेला, तरीही मिस्कील दिसत होता. "म्हणजे? तुम्ही इतके दिवस बघत नव्हतात?"

"रस्त्याकडे लक्ष असतं माझं."

"रस्त्यावरच तर असतात. दोघं आहेत. आपल्याच वयाची. तो चालवतो, अगदी स्टिअरिंगला चिकटून, जन्माची काळजी लागल्यासारखा. ती शेजारी. बिचारी हात करते रोज. आपण नको करायला?"

"रोज तीच?"

"आपण नाही का रोज तेच?" ती म्हणाली. "केंद्रावरूनच येत असतील. आपल्या आधीची पाळी."

"अगं, आपली पहिली पाळी आहे. पहिलीच्या आधी पाळी नसते."

"तुमच्या तर्कशास्त्रात नसेल," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

केंद्राचं दार नेहमीप्रमाणे बंद होतं. पहिल्या पाळीची सिस्टर त्यांच्या देखत कुलूप काढून आत गेली, एकेक दिवा लावत गेली. खुर्च्या रिकाम्या, मशीन थंड. सरांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "सिस्टर, आमच्या आधी कुणी येतं का इथं?"

"तुमच्या आधी? सर, तुमच्या आधी मीसुद्धा येत नाही."

बायकोच्या दंडावरच्या शिरेत सुया गेल्या, नळ्या लाल झाल्या, मशीन गुणगुणायला लागलं. सर बाहेरच्या बाकावर बसले. आत ती सिस्टरला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. कशावर ते ऐकू येत नव्हतं.

६

लेक सुट्टी काढून आली. फोनवर सरांनी फक्त दिव्यांचं सांगितलं होतं, पण बापाचा आवाज लेकीला कळतो.

त्या पहाटे ती पुढे बसली, आई मागे. "आज मी को-पायलट," ती म्हणाली. पेट्रोलपंप गेला, खाण गेली. दिवे खाली आले.

"आले बघ," सर म्हणाले.

लेक पुढे झुकून काचेला नाक लावून बघत होती. "कुणीच नाहीये, बाबा. काही म्हणजे काही नाही. गाडीत दोष आहे, दुसरं काय?"

सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. लेकीचे डोळे तरुण होते, आणि त्या डोळ्यांनाही दिसत नव्हतं. आपण आंधळे नाही! त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं. त्यांनी आनंदाने आरशात पाहिलं, तर मागच्या सीटवर बायकोचा हात वर गेलेला होता. लेकही आरशातच बघत होती. गाडी किंचित झुलली.

केंद्रात आईला मशीनवर घेतल्यावर लेकीने बापाला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"मी डॉक्टरांशी बोलले. रक्तात घाण साठली की मेंदूवर परिणाम होतो म्हणे. असं काहीबाही दिसतं. घाबरायचं कारण नाही. डोस बदलतायत ते."

सरांनी मान हलवली. पटण्यासारखं होतं. आजारी माणसाला भास होतो आणि नव्या गाडीत दोष असतो. एकेक घेतलं तर दोन्ही गोष्टी रोजच्याच. अडचण एकत्र घेतल्यावर होती. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकाच क्षणी एकाच जागी एकच गोष्ट पाहतात, तेव्हा त्यांना खोटं ठरवणारी माणसं किती का असेनात, त्यांची साक्ष खरी मानावी लागते. आयुष्यभर त्यांनी हेच शिकवलं होतं. बायकोच्या रक्तात घाण साठली, हे मान्य. गाडीच्या रक्तात काय साठलं?

हे ते लेकीला बोलले नाहीत. ती आधीच एका आजारी माणसाची काळजी करत होती.

जायच्या आधी तिने गाडीत बसून ऑटोचं बटण बंद केलं. "आता हातानेच करा अप्पर-डिपर. गाडीला काय दिसतं त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आणि बाबा, आईने हात केला तर करू दे. वाद घालत बसू नका."

७

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी वाईट काम केलं. त्यांनी प्रयोग केला.

समोर कुणी नसेल तर अप्पर चालू ठेवल्याने कुणाचंच काही बिघडणार नाही, असा त्यांचा विचार होता. खाण मागे पडली. झोत लांबवर, पांढराफटक, थेट कालव्याच्या दिशेने. सरांनी दिव्यांच्या दांडीवरचं बोट हलवलं नाही.

बायको आधी चुळबुळली. मग म्हणाली, "अहो, डिपर."

सरांनी नजर रस्त्यावरच ठेवली.

"अहो, डिपर द्या ना! त्यांच्या डोळ्यांत जातंय!"

"कुणी नाहीये, ऑपरेटर."

"तो डोळ्यांवर हात धरतोय! अहो, गाडी जाईल त्याची रस्त्याच्या खाली... अहो!" तिने त्यांचा दंड धरला. तिच्या हातात एवढी ताकद उरली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. झोतात रस्ता कोरा करकरीत होता, खडी न खडी दिसत होती. त्यांनी दात आवळून अप्पर तसाच ठेवला. गाडीला धक्का बसला, या वेळी जोरात. जणू शेजारून जाणाऱ्याने अगदी शेवटच्या क्षणी स्वतःला सावरलं होतं.

मग काही नाही. रस्ता, रेघ, कालवा.

"काय मिळालं?" बायकोने बऱ्याच वेळाने विचारलं. तिचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा, सपाट झाला होता. "ती किती घाबरली होती. नुसती बघत होती माझ्याकडे. तुम्ही कधी कुणाशी असे वागला नव्हतात."

त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. सिस्टरशी बोलली, शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांशी बोलली, फोनवर लेकीशी बोलली. रात्री सर गुपचूप गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी ऑटोचं बटण पुन्हा चालू केलं. कुणाची माफी मागायची ते माहीत नव्हतं, म्हणून एवढंच केलं.

८

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी केंद्रातून फोन आला. पाण्याच्या फिल्टरचं काम निघालं होतं, सगळ्या पाळ्या एक दिवस पुढे.

एक दिवस म्हणजे काय, ते बायकोच्या पायांवर दिसत होतं. बोट दाबलं की खळगा तसाच राही. दुसऱ्या रात्री ती आडवी होऊ शकली नाही, तीन उशांना टेकून बसून राहिली. सिस्टरने आपणहून फोन केला. "सर, उद्या काही झालं तरी चुकवू नका हं. मी लवकर येऊन मशीन तयार ठेवते. दारात आलात की आत घेते."

पहाटे सरांनी तिला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. तिचा श्वास ऐकू येत होता, ओल्या कापडातून वारा जावा तसा. तरी पेट्रोलपंपापाशी ती म्हणाली, "जरा पळवा की. एरवी बैलगाडीसारखी चालवता."

खाण मागे पडली. दिवे खाली आले.

सरांनी या वेळी रस्त्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. हात नेहमीसारखा वर निघाला, छातीपर्यंत आला, तिथेच थांबला. मग बोटं मिटली आणि हात खाली मांडीवर जाऊन पडला.

गाडी झुलली. दिवे वर आले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. पुढे बघा."

"हात का नाही केलास?"

"दमलेय हो."

"ऑपरेटर, खरं सांग. दोघं होती ना?"

सरांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन बंद केल्यावर माळरानावरची शांतता काचेपर्यंत आली. फक्त तिचा श्वास.

"एकटाच होता," ती म्हणाली.

"कदाचित ती मागे बसली असेल. तू नव्हतीस का मागे बसली, लेक आली तेव्हा?"

"एकटाच होता," ती पुन्हा म्हणाली. मग तिने डोकं सीटला टेकवलं आणि बराच वेळ सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. रेल्वेच्या खिडकीतून कुणी निरोप द्यायला आलेल्याकडे बघावं तशी. "चला ना आता. सिस्टर वाट बघत असेल."

सरांचं डोकं भराभर चालायला लागलं, आणि ते चालू नये असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. समोरची गाडी केंद्राकडून येते. आपण जाताना दोघं असतो. येताना आज एकच होता. हा रस्ता धरला तर कालवा, केंद्र, सुया, मशीन, आणि मग येताना... नाही नेलं तर? तर मशीनही लागणार नाही. तिचे ओठ आत्ताच जांभळे दिसत होते. नेलं तरी तेच आणि नाही नेलं तरी तेच, अशा कात्रीला त्यांच्या विषयात छानसं नाव होतं. वर्गात ते सांगताना ते हसत आणि म्हणत की पेचाच्या दोन शिंगांच्या मधूनही बऱ्याचदा वाट असते.

वाट होती! जुन्या पुलावरचा रस्ता. शहरात परत जायचं, नदीकाठाने वळसा घालायचा आणि केंद्राला पलीकडच्या बाजूने यायचं. वेळ जास्त लागेल, पण केंद्र गाठता येईल, पाळी मिळेल आणि हा रस्ता टळेल. दोन्ही शिंगं टळतील.

"जुन्या पुलावरून जाऊ," ते म्हणाले.

"आत्ता? अहो, कालवा तर आला समोर."

"थोडाच वेळ जास्त लागेल. ऐक माझं. एकदा ऐक."

"तुम्हाला भीती वाटतेय," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. "मला पण वाटतेय. पण श्वास पुरत नाहीये हो मला."

"म्हणूनच तर," सर म्हणाले, आणि स्टिअरिंग फिरवायला लागले. रस्ता अरुंद होता. पुढे, मागे, पुन्हा पुढे. झोत माळरानावरून गवत झाडत गोल फिरला आणि आले होते त्या दिशेला जाऊन स्थिरावला. घराच्या दिशेला.

९

सर बोलत होते. गप्प राहिलं तर तिच्या श्वासाचे मधले खंड मोजावे लागतील, म्हणून बोलत होते. "पुलावरून गेलं की डावीकडे शाळा लागते बघ, तिथून सरळ. तिकडचा रस्ता नवा आहे, खड्डे नाहीत. मी सिस्टरला फोन करतो पुलापाशी. ती थांबेल. चांगली आहे ती. तूच म्हणतेस ना? संध्याकाळपर्यंत पाय उतरतील तुझे, आणि मग तू मला या सगळ्यावरून चिडवशील. चिडव. मी काही बोलणार नाही."

"हं," ती म्हणाली.

निदान त्यांना तसं ऐकू आलं.

रस्ता लांबपर्यंत उजळला होता. पांढरी रेघ गाडीखाली सरकत होती. खाणीचा काळा आकार दूरवर दिसायला लागला होता. एवढं ओलांडलं की पेट्रोलपंप. पंपावर माणसं असतात.

दिवे खाली आले.

आणि सरांना दिसलं. पहिल्यांदाच. खाणीच्या बाजूने दोन दिवे येत होते, एकमेकांना चिकटल्यासारखे, मग वेगळे होत, मोठे होत. साधे, कुठल्याही गाडीचे असावेत तसे. त्यांनीही डिपर दिला होता.

"दिसली!" सर ओरडले. "अगं, मला दिसली गाडी! तू म्हणत होतीस ती! बघ!"

शेजारून उत्तर आलं नाही. हीटरचा सुस्कारा चालू होता. दुसरा कसलाच नव्हता.

सरांनी मान वळवली नाही. समोरून गाडी येत असताना रस्त्यावरून नजर काढायची नसते, हे कुणीही सांगेल. ही गाडी जाऊ दे, मग बघू. दिवे खाली आहेत तोवर ती गेलेली नाही, आणि ती गेलेली नाही तोवर शेजारी बघायचं कारण नाही. त्यांनी वेग कमी केला. आणखी कमी केला. गाडी जवळजवळ रांगायला लागली. पण समोरचा वेग कमी करत नव्हता. त्याला बायकोला वेळेवर पोचवायचं होतं.

उजेड आत आला, डॅशबोर्डवर, सरांच्या मुठींवर. मग ती गाडी अगदी शेजारी आली आणि क्षणभर काचेआडचं दिसलं. एक म्हातारा स्टिअरिंगला चिकटून बसला होता. तो सरांकडे बघत नव्हता, आपल्या शेजारी बघत होता. कुणाच्या तरी हाताकडे. त्याच्या पलीकडे एक सुजलेल्या चेहऱ्याची बाई. ती मात्र सरांकडेच बघत होती. ओळख द्यायला तिचा हात वर निघाला. छातीपर्यंत आला. तिची नजर सरांवरून त्यांच्या शेजारच्या सीटवर गेली, आणि हात तिथेच थांबला.

गाडी झुलली.

"बोल ना," सर म्हणाले. "काहीतरी बोल. चिडव मला."

ते समोरच बघत होते. अजून दिवे खाली होते. गाडीपुढे उजेडाचा आखूड तुकडा होता, तेवढाच, आणि सरांना त्याहून जास्त काही नको होतं. त्यांनी त्या दिव्यांची मनोमन विनवणी केली, कधी कुणाची केली नव्हती अशी.

दिवे त्यांना न विचारता वर गेले. रस्ता पार शेवटपर्यंत लख्ख दिसायला लागला.